मारबते गुरुजींनी भरलेला रकाना

धनराज मारबते एटापल्ली तालुक्यातल्या मरकाटोल्याला पहिल्यांदा पोचले तेव्हा शाळेला कुलूप होतं आणि किल्ली वारलू नरोटेच्या करगोट्याला बांधलेली होती. साल दोन हजार सहा. आधीचे गुरुजी दिवाळीला गावी गेले ते आलेच नव्हते. वारलूनं कुलूप उघडलं, नव्या गुरुजींना आत घेतलं आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "शाळा सरकारची हाय गुरुजी, पन भिती आमच्या हायेत. गावानं बांधल्या."

मारबते ब्रह्मपुरीकडचे. तलावाकाठचं गाव, ढिवराचं घर. वडील इस्तारी सोसायटीच्या तलावात जाळं टाकायचे, आई चंदाबाई टोपलीत झिंगे घेऊन बाजारात बसायची. घरातली पहिली नोकरी यांचीच. गोंडीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक लहान पोरगी त्यांच्यापुढे येऊन "येर, येर" म्हणत राहिली. यांना वाटलं, नाव सांगते आहे. हजेरीत तिचं नाव शोधत बसले. शेवटी ती रडायला लागली, तेव्हा एका मोठ्या मुलानं तिला हाताला धरून मडक्याकडे नेलं. येर म्हणजे पाणी. त्या दिवसानंतर गुरुजींनी भिंतीवर चुन्यानं गोंडी शब्द लिहायला सुरुवात केली, आणि मुलांकडून शिकत शिकत वर्षाच्या आत ते गोंडीत ओरडायलाही लागले.

गावात भाड्यानं खोली असा प्रकार नव्हता. वारलूच्या अंगणातल्या एका खोपीत ते राहायचे, आणि वारलूची बायको सोनीबाई दोन वेळचं जेवण द्यायची. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांना मलेरिया झाला, शुद्ध हरपली. मरकाटोला आणि रस्ता यांच्या मध्ये एक नाला आहे, शेजारच्या बोरीटोल्याच्या अलीकडे. उन्हाळ्यात त्यात गुरं बसतात. त्या दिवशी पाणी छातीला लागत होतं. वारलूनं आणि आणखी तिघांनी गुरुजींना बाजेवर घालून, बाज डोक्यावर धरून तो नाला ओलांडला. हे गुरुजींना नंतर लोकांनी सांगितलं. त्यांना स्वतःला फक्त एवढं आठवत होतं, की आपण आभाळाच्या खूप जवळ आहोत आणि खालून पाण्याचा आवाज येतो आहे.

सात वर्षं ते तिथे राहिले. बायको पिंकी वडशाला, मुलगी पायल तिथेच जन्मली. महिना-दीड महिन्यानं घरी गेले की पायल त्यांना बघून पडद्यामागे लपायची. दरम्यान त्यांच्या मागून लागलेले, कुणाची तरी चिठ्ठी आणलेले शिक्षक दोन वर्षांत बाहेर पडत होते. मारबत्यांकडे चिठ्ठी नव्हती. दोन हजार तेरा साली रीतसर बदली होऊन ते वडशाजवळ आले, पण तो राग त्यांनी सोबत आणला, आणि त्या रागानंच त्यांना वनांचल प्राथमिक शिक्षक संघटनेत ओढलं.

संघटनेत त्यांनी जे केलं ते चांगलं केलं, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. कोण कुठल्या शाळेत किती वर्षं अडकलाय याची यादी त्यांनी गावोगावी फोन करून तयार केली. त्या यादीच्या जोरावर जिल्ह्याच्या ठिकाणी एकोणीस दिवस धरणं धरलं. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा हक्क, आणि बदली यादीनं, चिठ्ठीनं नाही, ही मागणी. पुढे मुंबईत धोरणावर चर्चा झाली तेव्हा संघटनांच्या प्रतिनिधींमध्ये मारबतेही बसले होते. नवा आदेश निघाला तेव्हा त्यांच्या निवेदनातली दोन वाक्यं त्यात जवळपास जशीच्या तशी होती. तो कागद त्यांनी पिंकीला वाचून दाखवला. दुसऱ्या वर्षी ते जिल्हाध्यक्ष झाले.

पण हक्क कागदावर आला आणि तिथेच अडला. बदलीचा आदेश हातात असला तरी जागेवर दुसरा शिक्षक आल्याशिवाय कार्यमुक्त करत नव्हते, आणि आतल्या शाळांवर दुसरा कुणी येत नव्हता. दोन हजार बावीसच्या सुरुवातीला अशा अडकलेल्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती. त्यातली एक डिंपल शेंडे. एकोणतीस वर्षांची, नवरा चंद्रपूरला, मांडीवर दीड वर्षाचं मूल आणि त्या मुलाला फिट्स येत. तिच्या शाळेपासून दवाखाना तीन तासांवर. ती फोनवर फारसं बोलायचीही नाही. "सर, मले इथून काढा," एवढंच म्हणायची.

त्याच सुमारास कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिळवून टाकण्याचं पत्रक आलं. संघटनेनं विरोध जाहीर केला. 'गावाची शाळा गावात' अशी पाटी घेऊन मारबत्यांनी मोर्चा काढला, वर्तमानपत्रात फोटो आला. मोर्च्यानंतर आठ दिवसांनी एका अधिकाऱ्यानं त्यांना चहाला बोलावलं.

साहेब सभ्य माणूस होता. आवाज न चढवता बोलला.

"मारबते सर, तुमचे शंभर शिक्षक अडकलेत. मी सोडू शकत नाही, कारण बदली माणूस नाही. आता ही एकतीस शाळांची यादी बघा. पट पाच, सात, आठ. या मिळवल्या तर तिथले शिक्षक मोकळे होतात. त्यांना आतल्याच मोठ्या शाळांवर देतो आणि तुमच्या लोकांना सोडतो. साठेक तरी सुटतील."

"आमचा विरोध आहे साहेब."

"असू द्या ना. मोर्चे काढा. मला फक्त अंतराची पडताळणी हवी. जागेवरची माहिती तुमच्या संघटनेइतकी कुणाकडे नाही. तुमच्या सहीनं आली तर वर कुणी प्रश्न विचारणार नाही."

त्या नमुन्यात प्रत्येक शाळेपुढे चार रकाने होते. पट, जवळची शाळा, अंतर, आणि शेवटचा : मार्गात नैसर्गिक अडथळा, आहे किंवा नाही. ज्या शाळेपुढे 'आहे' लागेल ती यादीतून गळणार होती.

मारबते तो कागद घरी घेऊन आले. एकोणिसाव्या क्रमांकावर मरकाटोला होतं. पट आठ. जवळची शाळा बोरीटोला, अंतर दोन पूर्णांक आठ किलोमीटर. बराच वेळ त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. बाकीचे भरले. काही गावं त्यांनी पाहिली होती, बरीच पाहिली नव्हती, ती मोबाइलच्या नकाशावर बघून भरली. पाच-सहा ठिकाणी नकाशावर निळी रेघ दिसत होती. तिथेही त्यांनी 'नाही' लिहिलं, कारण पाच-सहा शाळा गाळल्या तर दहाबारा शिक्षक अडकून राहणार होते, आणि डिंपलचा नंबर यादीत शेवटाकडे होता. मग एकोणिसाव्यावर परत आले. आठच मुलं, आश्रमशाळेतही जाऊ शकतील, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि 'नाही' लिहून सही केली.

त्रेसष्ट शिक्षक सुटले. वडशाच्या एका सभागृहात सत्काराचा कार्यक्रम झाला. डिंपलनं आपलं मूल त्यांच्या हातात दिलं आणि ती मागे जाऊन रडली. मारबते आता सांगतात, त्या दिवशी मला अपराधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तेच मला आता सगळ्यात जास्त टोचतं.

वर्षभरानं, जानेवारीत, शाळा सुटायच्या वेळी वारलू नरोटे वडशाला आला. पहिल्या गाडीनं निघून, दोन गाड्या बदलून, पत्ता विचारत विचारत तो मारबत्यांच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. केस पांढरे झाले होते. हातात चारोळीची पुडी.

"जोहार गुरुजी. वळखलं का?"

मारबत्यांनी त्याला घरी आणलं. पिंकीनं चहा केला. वारलू खुर्चीच्या कडेवर बसला आणि सरळ कामावर आला.

"शाळा बंद झाली आपली. बोरीटोल्याले जा म्हंतेत. तुमी तं नाला पाह्यलाच हाय. आता तुमी संघटनेत मोठे झाले असं मास्तर लोक सांगतेत. एक अर्ज लिहून देता का? आमाले लिहनं जमत नाई आन् दुसऱ्यावर भरोसा नाई."

मारबते उठले, कागद आणला, पेन आणलं. त्या वेळी सांगता आलं असतं. ते सांगतात की तोंड उघडलंही होतं. पण वारलू त्यांच्याकडे अशा विश्वासानं बघत होता की त्यांनी खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. नाल्याची रुंदी लिहिली, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते ते लिहिलं, चार वर्षांपूर्वी एक बैल वाहून गेला ते वारलूनं सांगितलं तेही लिहिलं. अर्ज चांगला झाला. असे अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वारलूनं खाली अंगठा उमटवला. जाताना म्हणाला, "तुमच्या हातचा हाय मंजी होईन."

तीन महिन्यांनी उत्तर निघालं. त्याची एक प्रत संघटनेकडे आली, कारण संघटनेचा त्यात उल्लेख होता. अर्ज अमान्य. कारण : शिक्षक संघटनेच्या प्रत्यक्ष पडताळणीनुसार मार्गात नैसर्गिक अडथळा नाही. सोबत पडताळणीच्या पानाची झेरॉक्स, खाली मारबत्यांची सही. दुसरी प्रत टपालानं मरकाटोल्याला गेली होती.

त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि एटापल्लीची बस धरली. पुढे जीपनं, पुढे पायी. टपाल आपल्या आधी पोचू नये असं वाटत होतं आणि पोचलेलं असलं तर बरं, असंही वाटत होतं.

पोचलेलं नव्हतं. वारलू अंगणात दोरी वळत बसला होता. शेजारी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी शेळीच्या पिलाला पाला देत होती. ती दीपिका, वारलूची नात. तिचा धाकटा भाऊ रोशन तिथेच मातीत खेळत होता.

"ही शाळेत जात नाही का?" मारबत्यांनी विचारलं.

"गेल्ती ना," सोनीबाई आतून म्हणाली. "पावसाळ्यात दोन महिने गेली. एक दिवस नाल्यात पाय घसरला. पोरांनी धरली म्हून राह्यली, दप्तर वाहून गेलं. मग मीच नाई म्हनलं. बाकीच्यातली दोन पोरं आश्रमशाळेत टाकली. कोनी बसून हाय."

मारबत्यांनी खिशातून एक छापील कागद काढून दीपिकापुढे धरला, बसच्या तिकिटामागची जाहिरात होती. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर सांगितलं. ब. स. स्था. मग थांबली. अक्षरं तिला येत होती, पण ती जोडून शब्द होतो हे हातातून गेलं होतं. तिनं कागद उलटा करून परत दिला आणि शेळीकडे गेली.

मग मारबत्यांनी पिशवीतून ते पत्र काढलं आणि वारलूला वाचून दाखवलं. सहीपर्यंत आले आणि म्हणाले, "ही सही माझी आहे वारलूभाऊ. अडथळा नाही असं मीच लिहून दिलं होतं. शिक्षक सुटावेत म्हणून."

वारलूनं दोरी खाली ठेवली.

"कवा लिहलं?"

"तुम्ही माझ्याकडे यायच्या वर्षभर आधी."

"मंजी मी आलो तवा तुमाले मालूम होतं."

"होतं."

"मग अर्ज काऊन लिहला?"

मारबते हातातल्या पत्राची घडी घालत राहिले. वारलू म्हणाला, "तुमाले बाजीवर नेलं तवा पानी कुठवर होतं ते मले इचारायचं तरी होतं. मी सांगितलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो उठला आणि बैल बघायला निघून गेला.

सोनीबाईनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. चुलीवर भात शिजत होता, वास येत होता. सात वर्षं ज्या घरात जेवले, तिथे त्या दिवशी त्यांना कुणी जेवायला बसा म्हटलं नाही. ऊन उतरायच्या आत ते परत निघाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी संघटनेची कार्यकारिणी बोलावली आणि सगळं सांगितलं. मग ठराव मांडला : ज्या सहा शाळांच्या वाटेवर खरोखर नाला किंवा नदी आहे त्या पुन्हा सुरू कराव्यात, अशी मागणी संघटनेनं करावी, आणि आपली पडताळणी चुकीची होती हे लेखी कळवावं.

सचिव प्रवीण गोवर्धन उठले. दहा वर्षांचा सोबती.

"अध्यक्ष, शाळा सुरू झाल्या तर शिक्षक कुठून येनार? आपलेच परत पाठवाल ना? ज्यांना तुम्ही काढलं त्यांनाच? आणि पडताळणी खोटी होती असं लिहून दिलं तर उद्या आपल्या कोणत्या कागदावर सरकार भरोसा ठेवणार? आपण ही ताकद वीस वर्षांत कमावली."

"ती ताकद मी पोरांच्या विरोधात वापरली, प्रवीण."

"पोरांची काळजी सरकारनं करावी. आपण शिक्षकांची संघटना आहो."

मारबते म्हणतात, हे चूक होतं असंही मला म्हणता येत नव्हतं. संघटना शिक्षकांचीच होती. डिंपल मागच्या रांगेत बसली होती. मारबत्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा ठरावाच्या बाजूनं चार हात आले, त्यात तिचा नव्हता. बाहेर पडताना ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "सर, तुमी बरोबर आहात. पन मी परत नाई जाऊ शकत." त्यांनी मान हलवली. तिला अपराधी वाटावं असं तिनं काही केलेलं नव्हतं.

त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि स्वतःच्या नावानं जबाब लिहून दिला, की सहा ठिकाणी मी माहीत असून किंवा न बघता चुकीचं लिहिलं. त्यांच्यावर खात्याची चौकशी लागली. एका वर्तमानपत्रानं 'माजी अध्यक्षांची कबुली' म्हणून बातमी दिली, आणि संघटनेच्या व्हॉट्सॲप गटातून त्यांना काढलं गेलं. जबाबाचा एक परिणाम मात्र झाला. जागेवर माणूस पाठवून मोजणी झाली आणि सहापैकी दोन शाळा पुन्हा सुरू करायला मंजुरी मिळाली. त्यात मरकाटोला होतं. अट एकच : शिक्षक उपलब्ध झाल्यास.

मारबत्यांनी विनंती अर्ज केला. अवघड क्षेत्रात स्वतःहून जाणाऱ्याला कुणी अडवत नाही.

पायल तेव्हा बारावीला होती. पिंकी म्हणाली, "मागे सात वर्षं सरकारनं ठेवलं म्हणून गेलात, ते समजत होतं. आता तुम्ही तुमच्या मनाच्या शांतीसाठी जाता. त्यात आमचं काय?" ते गेले.

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये शाळा उघडली. पट सहा. गावानं भिंती लिंपून दिल्या, पण कुणी फारसं बोललं नाही. मारबते शाळेतच झोपतात आणि स्वतः रांधतात. दीपिका पहिल्या दिवशी आली, सात वर्षांच्या मुलांमध्ये बसली, आणि दुपारी उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. ते रोज वारलूच्या कुंपणापर्यंत जाऊन परत यायचे. श्रावणात सोनीबाईनंच एकदा हाक मारली, "गुरुजी, पोरीले घरीच शिकवा. तिले लाज वाटते." तेव्हापासून शाळा सुटल्यावर ते अंगणात बसून तिला शिकवतात. ती आता वाचते, अडखळत. पाचवीत बसवायला अजून वर्ष लागेल. तिच्या वयाच्या मुली सातवीत आहेत. वारलू येता-जाता बघतो, नमस्कार करतो आणि कामाला लागतो.

उरलेल्या चार शाळा बंदच आहेत. सुट्टीच्या दिवशी मारबते त्या गावांना जातात. त्यातल्या दोन गावांचे नवे अर्ज त्यांनी लिहून दिले आहेत, या वेळी आधी सगळं सांगून. एका गावानं त्यांना चावडीवरून हाकलून लावलं. चौथं गाव त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. नकाशावरच बघितलेलं. गेल्या फाल्गुनात ते मोटरसायकल घेऊन रस्ता विचारत विचारत तिथे पोचले. वेशीपाशी एक म्हातारी मोहाची फुलं वेचत होती. तिनं विचारलं, "कोनाकडे आले?"

"शाळेकडे."

"शाळा तं बंद हाय. लय दिवस झाले."

"माहीत आहे बाई," मारबते म्हणाले. "ती मी बंद केली. गावातलं कोणी भेटेल का?"

म्हातारीनं टोपली खाली ठेवली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गावाकडे तोंड करून कुणाला तरी गोंडीत हाक मारली. 'शाळा बंद करणारा माणूस आलाय' असं ती म्हणाली, ते त्यांना समजलं. ते गाडी लावून तिथेच उभे राहिले.